बंद मिलचा भोंगा

१

सोमवारी सकाळी पिपरटोल्याच्या मोठ्या मिलचा भोंगा वाजला. चुलीपुढच्या बायका काम टाकून उठल्या आणि पारावर बसलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. ती मिल दिवाळीच्या आधीच बंद पडली होती.

धान उकडून उसना तांदूळ काढणारी देवरी भागातली ती जुनी मिल. बाहेरदेशी तांदूळ जायचा थांबला, गोदामं छपरापर्यंत भरली आणि एका शुक्रवारी फाटकाला कुलूप लागलं. मागोमाग गावातला चहावाला गेला, शिंप्याचं मशीन गेलं, आठवडी बाजारात दुकानं निम्मी लागायला लागली. मिलमध्ये काम करणारी माणसं धर्मेंद्र ठेकेदाराच्या जीपगाड्यांत बसून हैदराबादकडे बांधकामावर जाऊ लागली. उरलेली तलावाच्या पाळीवर बसून राहिली.

आणि आता धुराड्यातून धूर निघत होता.

लोक पळत सुटले. कोणी डबा घेतला, कोणी नुसतंच शर्टाचं बटण लावत निघालं. रुख्मा नावाची एक बाई, जी मिलमध्ये धान वाळवायच्या कामावर होती, ती हायवेकडून हसत हसत धावत येत होती. पण फाटक जवळ आलं तसं हसू मावळत गेलं. भोंगा थांबतच नव्हता. एरवी तो एकदा ओरडून गप्प व्हायचा. आज एखादं जनावर अडकून पडावं तसा तो आक्रोश करत होता.

फाटक नुसतं लोटलेलं होतं. बॉयलरच्या खोलीत सगळ्यांच्या पुढे बकाराम शिरला. वीस वर्षं त्यानंच तो बॉयलर चालवला होता. शिरला आणि जागीच थबकला.

वर जाणाऱ्या लोखंडी जिन्यावर मिलचा तरुण मालक हिमांशु उलटा पडला होता. डोकं खालच्या पायरीवर फुटलेलं. उजवा हात वर ताणलेला, आणि भोंग्याची दोरी त्या मनगटाला गुंडाळलेली. त्याच्या अंगाच्या भारानं दोरी ओढली जात होती. मेलेला माणूस भोंगा वाजवत होता.

बकारामनं धडपडत वाफेची चावी बंद केली. भोंगा विव्हळत विव्हळत थांबला. त्या शांततेत गर्दीतून कोणीतरी हळूच विचारलं,

"म्हंजे आता मिल सुरू नाई होनार का?"

२

ठाणेदार हिरालाल टेंभरे यांनी दुपारपर्यंत मत बनवलं होतं. हिमांशुनं स्वतः बॉयलर पेटवला, आनंदाच्या भरात दोरी हाताला गुंडाळून ओढली, पाय घसरला. डॉक्टरनं सांगितलं की प्रेत बॉयलरच्या धगीत पडलं होतं, त्यामुळे मरण नेमकं कधी आलं ते सांगणं कठीण आहे. टेंभऱ्यांना त्याची गरजही वाटली नाही. भोंगा वाजला तेव्हा तो मेला, हे अख्ख्या गावानं ऐकलं होतं.

तेवढ्यात अल्का बन्सोड ठाण्यात आल्या. देवरीच्या कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवायच्या. बेकारीवर अभ्यास करायचा म्हणून त्या हिवाळाभर पिपरटोल्यातच खोली घेऊन घरोघर फिरल्या होत्या, आणि टेंभऱ्यांचा मुलगा त्यांचा विद्यार्थी होता.

"साहेब, शनिवारी हिमांशु माझ्याकडे आला होता," त्या म्हणाल्या. "त्याला वर्षभराचा माल घेणारा एक व्यापारी मिळाला होता. मला म्हणाला, मॅडम, जो तो दुसऱ्याची वाट बघतोय. व्यापारी म्हणतो मिल सुरू झाली की बघू, मिलवाले म्हणतात गिऱ्हाईक आलं की बघू, आणि मजुराच्या हातात काही नाही म्हणून दुकानं बंद. कोणीतरी आधी सुरुवात करायला हवी. ती मी करतो. सोमवारी भोंगा वाजेल, तोवर कोणाला सांगू नका."

"मग वाजवला ना त्यानं. आनंदातच गेला बिचारा."

अल्काताईंना ते पटलं नाही, पण का पटलं नाही तेही सांगता येईना. त्या मिलवर गेल्या. बॉयलरच्या भट्टीत अर्धवट जळलेले जाड ओंडके होते. शेजारी धानाच्या भुशाचा ढीग, त्यावर फावडं, आणि दोन्हींवर धुळीचा थर.

फाटकाशी रुख्मा बसली होती. अल्काताई तिच्याजवळ बसल्या. "भोंगा कसा वाजला गं?"

"कसा म्हंजे? पयले तर मले वाटलं कोनाची तरी गाय हंबरून राहिली. फुसफुस, घरघर. मंग हळूहळू आवाज चढला, अन् चढतच गेला. अंगावर काटा आला, मॅडम. असा कदी वाजला नाई तो. पयले कसा, एकदम फाडे कानाले."

अल्काताई घरी आल्या. वरणाचा कुकर लावला. शिटी बसवायच्या आधी वाफ हळू हळू फुसफुसत वर यायला लागली, तशा त्या हातात शिटी धरून तशाच उभ्या राहिल्या. मग गॅस बंद करून त्यांनी ठाण्यात फोन लावला.

"साहेब, वाफ भरलेली असताना दोरी ओढली तर भोंगा एकदम ओरडतो. हा हळूहळू चढला. म्हणजे दोरी आधीपासून ओढलेली होती आणि वाफ मागून आली. भोंगा वाजायच्या कितीतरी आधी हिमांशु त्या जिन्यावर मरून लटकलेला होता. भट्टी दुसऱ्याच कोणीतरी पेटवली."

३

हिमांशुचा काका मुन्नालाल मिलमध्ये अर्धा भागीदार होता. घराच्या ओसरीत तो लोडाला टेकून बसला होता. डोळे सुजलेले, पण बोलणं ताठ.

"मैं मना कर रहा था उसको," तो म्हणाला. "मंदीत शहाणा माणूस पैसा दाबून बसतो. मी म्हटलं, मशिनी विकून टाकू, जागा विकून टाकू, दो साल चुप बैठ. तो म्हणे, काकाजी, सगळेच चूप बसले तर मंदी जाणार कशी? आता मला सांगा, मंदी घालवणं हे काय आमच्या घराचं काम आहे?"

"तुम्ही भांडलात?" टेंभऱ्यांनी विचारलं.

"रोज भांडत होतो. घर का बच्चा था."

"सोमवारी सकाळी कुठे होतात?"

"देवघरात. एकटाच. माझी बायको गोंदियाला लेकीकडे आहे." मुन्नालालनं टेंभरे आणि अल्काताई दोघांकडे पाहिलं. "कोणी बघितलं असं विचाराल, तर फक्त भगवानने."

त्यानंतर तिथेच बकारामला बोलावलं. तो दारातच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"बॉयलरमध्ये पाणी कोणी भरलं?"

"मीच भरलं, साहेब. शनिवारी. हिमांशुसेठनं बोलावलं होतं. सारं पाहून ठेव म्हने, सोमवारी पेटवू. कोनाले सांगू नको म्हने."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"बोल देल्ला होता ना त्याले."

"सकाळी कुठे होतास?"

"तलावावर. एकटा होतो."

"कशाला?"

"कामाले जायाचं नसलं का मानूस कोठी जाते, साहेब? तलावावर बसते."

अल्काताईंनी विचारलं, "बकारामभाऊ, भट्टीत लाकडं कोण घालतं?"

"कोनीच नाई. आमी भुशावर चालवतो. पन भुशाले मानूस लागते, फावड्यानं सारखं टाकत राहा लागते. ओंडके घातले का सोडून देल्ले तरी जळत राहतात."

"गावात आणखी कोणाला पेटवता येतो हा बॉयलर?"

"माह्या हाताखाली तीन पोरं शिकले. एक सुरतले गेला, एक साप चावून मेला. धर्मेंद्र शिकला होता, पन तो मंग युनियनमध्ये गेला, आता ठेकेदार झाला. उरलो मी." तो क्षीण हसला. "म्हंजे तुमी मलेच धरान."

टेंभऱ्यांनी त्याला धरलं. पाणी त्यानं भरलं, पेटवणं त्याला येत होतं, लपवलं त्यानं, आणि तो कुठे होता हे सांगणारं कोणी नव्हतं. संध्याकाळी गाडी त्याला घेऊन निघाली तेव्हा गावातली बायकापोरं वाटेच्या कडेला उभी होती. कोणीतरी गाडीवर दगड मारला. आत बसलेल्या बकारामला कळेना, तो पोलिसांवर मारला की त्याच्यावर.

४

धर्मेंद्र भेटला तो हायवेच्या थांब्यावर. तिथूनच त्याच्या जीपगाड्या सुटायच्या. चाळिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. अल्काताईंना त्यानं स्वतःच्या हातानं खुर्ची पुसून दिली.

"बकारामकाकानं केलं असन असं मले वाटत नाई, मॅडम," तो म्हणाला. "मी वकील लावून देतो. गावचा मानूस आहे."

खरोखरच गाव त्याला देव मानायचं. मिल बंद पडली तेव्हा युनियनचा सेक्रेटरी म्हणून त्यानं फाटकापुढे धरणं धरलं होतं. काही झालं नाही, तेव्हा त्यानंच पहिली जीप आणली. घरोघर फिरताना अल्काताईंनी त्याचं नाव आशीर्वादासारखं ऐकलं होतं.

"सोमवारी तुम्ही कुठे होता?"

"अठीच. गाडी भरून उभी होती. भोंगा वाजला अन् सारे लोक उतरून पळाले. मी बी पळालो. मिल सुरू होऊन राहिली हे मले तवाच समजलं. किती खुशी झाली सांगू तुमाले! अन् तठी जाऊन पाहतो तर..."

"म्हणजे भोंगा वाजला तेव्हा तुम्ही इथे होता, हे पाहणारी पुष्कळ माणसं आहेत."

"अख्खी गाडी होती, मॅडम."

अल्काताई उठल्या. चार पावलं गेल्यावर त्या थांबल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. धर्मेंद्र अजून त्यांच्याकडेच बघत होता, आणि आता तो हसत नव्हता.

५

"तुम्ही उलट्या बाजूनं शोधताय, साहेब," त्या टेंभऱ्यांना म्हणाल्या. "ज्याच्याकडे साक्षीदार नाही त्याला तुम्ही धरलंत. पण विचार करा. खुन्यानं दोरी मेलेल्याच्या हाताला बांधली, ओंडके पेटवले आणि निघून गेला. वाफ आपोआप भरणार, भोंगा आपोआप वाजणार. एवढा खटाटोप कशासाठी? हिमांशु भोंग्याच्या वेळी मेला असं सगळ्यांना वाटावं, आणि त्या वेळी आपण दुसरीकडे, चारचौघांत दिसावं म्हणून. मग असा माणूस तलावावर एकटा बसेल? देवघरात एकटा बसेल? तो माणसांच्या घोळक्यातच उभा राहणार."

टेंभरे म्हणाले, "धर्मेंद्र? मॅडम, मिल बंद पडल्यावर त्यानं गाव जगवलं."

"तेच मला फार उशिरा दिसलं. मंदीत सगळ्यांचंच नुकसान होतं असं मी वर्गात शिकवते. पण या गावात एका माणसाचा धंदा मंदीतच उभा राहिला. इथला माणूस रिकामा आहे, म्हणून तर तो कमी मजुरीत परमुलखात जायला तयार होतो. धर्मेंद्र रिकामी माणसं विकतो, साहेब. भोंगा वाजला की त्याच्याकडे विकायला काही उरत नाही."

"हे सगळं विचारानं ठीक आहे. कोर्टात काय सांगू?"

"त्याची गाडी रोज उजाडायच्या आत निघते, हे मला माझ्या फिरण्यात घरोघर सांगितलं गेलंय. सोमवारी दिवस वर आला तरी ती थांब्यावरच होती. का थांबली, ते गाडीत बसलेलं कोणीतरी सांगेल."

पण कोणी सांगेना. दोन दिवस टेंभरे आणि अल्काताई दारोदार फिरले. लक्षात नाई, म्हणाले लोक. झोपलो होतो, म्हणाले. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. "मॅडम, पोराले पुढच्या आठवड्यात जायाचं आहे त्याच्या गाडीनं. आमाले विचारू नका."

रुख्माकडे गेले तर तिनं दार उघडलं नाही. आतून एवढंच म्हणाली, "मले काई दिसलं नाई."

६

शनिवारी पहाटे टेंभरे थांब्यावर गेले. दोन जीपगाड्या भरल्या जात होत्या. बोचकी वर बांधली जात होती, बायका पोरांना छातीशी धरून दाटीवाटीनं बसल्या होत्या. अल्काताई बरोबर होत्या.

"धर्मेंद्र, सोमवारी गाडी का थांबवलीस?"

"टायर पंक्चर होता, साहेब. विचारा कोनालेही." त्यानं गाड्यांकडे हात केला. "बोला ना रे. साहेब विचारून राहिले. पंक्चर होता का नाई?"

गाडीतली माणसं खाली बघत राहिली. दोघातिघांनी माना हलवल्या. होता, होता.

"झालं समाधान?" धर्मेंद्र म्हणाला.

तेव्हा मागच्या जीपमध्ये हालचाल झाली. माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत रुख्मा खाली उतरली. बोचकं तिच्या हातातच होतं. तिच्या नवऱ्यानं आतून पदर धरला, तिनं तो सोडवून घेतला.

"पंक्चर नव्हता," ती म्हणाली.

"रुख्मा, गाडीत बस," धर्मेंद्र शांतपणे म्हणाला.

"नुसता जॅक लावून ठेवला होता, साहेब. चाक खोललंच नाई. मी विचारलं, भाऊ, उशीर काऊन करून राहिले? तर म्हने, बस, आता होते. अन् घडी घडी मिलकडे पाहे. धुराड्याकडे." तिला धाप लागली. "त्याच्या हाताले काजळी होती. मी म्हटलं, टायरची असन. पन टायरले तर त्यानं हात लावलाच नव्हता."

एक ट्रक धूळ उडवत रायपूरकडे निघून गेला. धर्मेंद्र गाडीच्या बॉनेटला टेकला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"तो स्वतःच आला होता माह्याकडे," तो म्हणाला. त्याचं बोलणं गाडीतल्या माणसांसाठी होतं, ठाणेदारांसाठी नव्हतं. "रविवारी. मले मिलमध्ये घेऊन गेला. म्हने, धर्मेंद्र, तुमचीच माणसं आहेत, सांगा त्यांना, जाऊ नका म्हणा. मी म्हटलं, सेठ, मी तिकडे शब्द देऊन बसलो. मानसं नाई पोचली का माहा धंदा उठला. अन् तुमची मिल किती दिवस चालन? दोन महिने? मंग पुन्हा कुलूप लावान, अन् मंग या लोकाईले ना मिल राहीन ना माह्या गाड्या. तर तो हसला. म्हने, भीती सोडा. जिन्यावर होता, माह्याकडे पाठ करून दोरी दाखवत होता. सोमवारी ही तुम्हीच ओढा म्हने."

त्यानं तळहात उघडून पाहिला.

"मी ढकललो त्याले. मारायाचं नव्हतं. पन पडल्यावर पाहिलो तर... मंग बाकी सारं सुचत गेलं. सुचतच गेलं." त्यानं मान वर केली. "तुमच्यासाठीच केलो मी. सांगा ना कोनीतरी. उपाशी ठेवलो का कोनाले?"

गाडीतून एका बाईचं रडणं ऐकू आलं. ती हिमांशुसाठी रडत होती की पुढच्या आठवड्यासाठी, हे अल्काताईंना सांगता आलं नसतं.

७

बकाराम सुटला. घरी आला तेव्हा कोणी त्याला भेटायला गेलं नाही. मुन्नालालनं मिलला नवं कुलूप लावलं आणि भंगारवाल्याला बोलावणं पाठवलं. अल्काताईंनी हिमांशुच्या त्या व्यापाऱ्याला शोधून काढून फोन केला.

"हम तो माल ले ही रहे थे, मॅडम," तो म्हणाला. "लड़का पक्का था. अब वहाँ किससे बात करें? बाजार में सब डरे हुए हैं, हम भी रुक गए." म्हणजे मिल दोन महिन्यांत पुन्हा बंद पडली असती हे धर्मेंद्रचं म्हणणं खोटं होतं की खरं, हे आता कोणालाच कधी कळणार नव्हतं.

धर्मेंद्रच्या गाड्या पोलिसांनी जप्त केल्या. गावात कामाचा तेवढा एकच दरवाजा उघडा होता, तोही बंद झाला. कॉलेजच्या वाटेवर अल्काताईंना पूर्वी थांबवून चहाला बोलावणाऱ्या बायका आता तोंड फिरवून जायला लागल्या. एकीनं त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पगारी लोकाईले काय होते, शोधा म्हना खुनी."

मग पंधरवड्यात बालाघाटकडचा एक नवा ठेकेदार आला. कचारगडची जत्रा संपली होती, तिथली रिकामी वाहनं त्याला स्वस्तात मिळाली. त्यानं दिलेली मजुरी धर्मेंद्रपेक्षाही कमी होती. तरी दुपार व्हायच्या आत थांब्यावर गर्दी झाली. अल्काताई बसची वाट बघत तिथेच उभ्या होत्या. बकाराम रांगेत होता. त्यानं त्यांना पाहिलं आणि ओळख न दाखवता गाडीत चढला. त्याच्यामागे रुख्माचा नवरा चढला. मग रुख्मानं पायरीवर पाय ठेवला.

ठेकेदारानं हात आडवा घातला. "यही है वो गवाहीवाली?" त्यानं आतल्यांना विचारलं. आतली माणसं दुसरीकडे बघायला लागली. "तुम नहीं, बाई. उतरो."

रुख्मा पाय खाली घेऊन बाजूला उभी राहिली. नवरा आतून तिच्याकडे बघत होता. तो उतरला नाही. गाडी सुरू झाली, हायवेला लागली आणि उतारापलीकडे गेली. रुख्मा तिथेच उभी होती. अल्काताई तिच्याजवळ गेल्या.

"कोर्टात बोलावलं का येईन मी," रुख्मा म्हणाली. "जे पाह्यलं ते सांगीन. पन मले घ्यायले तुमी या, मॅडम. आता अठून कोनाचीच गाडी मले बसवून नेनार नाई."